१३बीला कोणतं अपेक्स सील? आधी लॉग दाखवा, मग सील सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिडनीतल्या एका मराठी मित्राकडे १९९३ची माझदा आरएक्स-७ एफडी आहे. तिचं १३बी इंजिन खोलून ठेवलंय. हे रोटरी इंजिन: यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, आणि त्याच्या टोकांशी फट बुजवणाऱ्या पट्ट्या म्हणजे अपेक्स सीलं. मोठा सिंगल टर्बो बसवून चाकांवर ४५० हॉर्सपॉवर हवेत. गाडी रविवारी रस्त्यावर निघते आणि वर्षातून पाच-सहा वेळा ट्रॅकवर. एक जण सांगतो न तुटणारी सीलं घाल, दुसरा म्हणतो सिरॅमिकशिवाय पर्याय नाही, तिसरा रोटरच्या खाचा मिलिंग करून ३ मिमीची सीलं बसवायला सांगतोय. शेवटचं वाक्य त्यांचंच देतो: ‘एकदाच काय तो खर्च करून मोकळं व्हायचंय.’

मोकळं होता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे करून मी इकडे मेलबर्नला आलो आणि आता बरीच वर्षं रोटरी इंजिनंच खोलतो-बांधतो. खाली लिहितोय ते रस्ता आणि ट्रॅक अशा दोन्हीकडे पळणाऱ्या टर्बो १३बीबद्दल. ड्रॅगवाल्यांचं, म्हणजे सरळ पट्ट्यावर शर्यत लावणाऱ्यांचं, गणित निराळं असतं. त्यांचं इंजिन हंगामात चार वेळा खोललं तरी त्यांना वाईट वाटत नाही.

लहानपणी आमच्या गल्लीत एक काका होते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यांनी त्यात जाड तार घातली. पुढे फ्यूज उडायचा थांबला आणि एका दिवाळीत भिंतीतली वायरिंग जळली. ‘न तुटणारं सील द्या’ म्हणून कुणी आलं की मला ते काका आठवतात. सील तुटतं तेव्हा बहुतेक वेळा चूक सीलची नसते. आत नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी, बेलगाम भडका, झालेलं असतं, आणि इंजिनातली सगळ्यात बारीक, सगळ्यात उघड्यावर असलेली पट्टी आधी मोडते. ती मोडणार नाही अशी घेतली तर त्या दणक्याला दुसरी वाट शोधावी लागते. रोटरची खाच फाकते, रोटरच्या तोंडावर खळगे पडतात, बेअरिंग मार खातं. तेव्हा खरा प्रश्न असा आहे: तुमच्या गाडीत नॉकिंग होण्याची शक्यता किती, आणि झालंच तर तुम्हाला काय गमवायला परवडेल?

हे नीट कळायला त्या पट्टीवर काय बेततं ते पाहू. रोटरला तीन टोकं, प्रत्येक टोकाला खाच, आणि खाचेत २ मिमी जाड, ८ मिमी उंच, ८० मिमी लांब सील. दोन रोटरची मिळून सहा. सगळे जण पिस्टनच्या रिंगशी तुलना करतात, पण रिंग दोन्ही टोकांना क्षणभर थांबते. अपेक्स सीलला ती उसंतच नाही. १३बीमध्ये रोटरची त्रिज्या १०५ मिमी आणि शाफ्टची एक्सेंट्रिसिटी, म्हणजे रोटरचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते अंतर, १५ मिमी. शाफ्ट ८,५०० आरपीएमवर असताना सीलचं टोक हाउसिंगवरून, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या आतल्या भिंतीवरून, सेकंदाला १८ ते ४५ मीटर वेगाने घासत जातं. ४५ मीटर म्हणजे ताशी १६० किलोमीटर. शिवाय ते भिंतीला काटकोनात टेकत नाही. कधी या अंगाला, कधी त्या अंगाला, २५ अंशांपर्यंत झुकतं. टोकाला गोलाई दिलेली असते ती यासाठीच.

आता वजनाचं बघा. ओतीव लोखंडाची ही पट्टी साधारण नऊ ग्रॅमची. हाउसिंग जिथे सर्वांत रुंद आहे तिथे, ८,५०० आरपीएमला, निव्वळ स्वतःच्या गतीमुळे ती भिंतीवर सुमारे २० किलोच्या जोराने दाबली जाते. आणि हाउसिंगची कंबर जिथे आत येते, म्हणजे एका अंगाला प्लग आणि दुसऱ्या अंगाला पोर्ट (हवा-धुराची भोकं) असतात तिथे, चित्र उलटं होतं. तिथे हीच पट्टी आत, खाचेकडे, अडीच किलोच्या आसपास जोराने ओढली जाते. म्हणजे भिंत सोडू पाहते. तिला धरून ठेवतात त्या मागच्या स्प्रिंगा आणि खाचेत शिरलेला गॅसचा दाब. हे दोन्ही कमी पडले की सील भिंतीवरून उठतं, पुन्हा आदळतं, थरथरतं, आणि हाउसिंगवर आडवे ओरखडे उमटतात.

हेच ओरखडे हिरोशिमात १९६०च्या दशकात केनिची यामामोतोंच्या तुकडीला छळत होते. माझदाच्या त्या इंजिनीअरांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव दिलं होतं. वाट सापडली ती कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेल्या सीलने, आणि १९६७ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी जर्मनीत एनएसयूने रो ८० आणली. सीलं लवकर झिजायला लागली, वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी मेटाकुटीला आली आणि १९६९मध्ये फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. इंजिन तेच, कल्पना तीच, आणि एवढ्याशा पट्टीवर दोन कंपन्यांचं नशीब फिरलं.

हा हिशेब डोक्यात ठेवून तुमचे तीन पर्याय पाहू.

३ मिमीचं सील म्हणजे वजन दीडपट. वर सांगितलेले दोन्ही आकडे दीडपट करा: रुंद भागात ३० किलोचा दाब, कमरेपाशी आत ओढणारा जोर जवळजवळ चार किलो. सील स्वतः धष्टपुष्ट असतं हे खरं, पण हाउसिंगच्या आतल्या क्रोमच्या थरावर भार वाढतो आणि वरच्या आरपीएमला उठण्याची ओढही वाढते. माझदाने स्वतः १९८६च्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७पासून ३ मिमी सोडून २ मिमी घेतलं, ते उगाच नव्हे. तिकडे २०२३च्या एमएक्स-३० आर-ईव्हीतल्या ८३० सीसीच्या एका रोटरच्या इंजिनात पुन्हा २.५ मिमी केलं. ते इंजिन जनरेटर म्हणून चालतं, त्याची मापं वेगळी, काम वेगळं. म्हणजे जाड चांगलं की बारीक चांगलं, याला कंपनीकडेही एक उत्तर नाही. तुमच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे: चांगल्या रोटरच्या खाचा मिलिंग करू नका. खाच एकदा रुंद केली की परत येत नाही, आणि मिलिंग किंचित तिरकं गेलं तर रोटर भंगारात. खाचा आधीच झिजून मर्यादेबाहेर गेल्या असतील आणि दुसरे रोटर मिळत नसतील, तरच ३ मिमी.

सिरॅमिकवाले हमखास माझदाच्या ७८७बी या शर्यतीच्या गाडीचं उदाहरण देतात. १९९१ची ल मॉं शर्यत त्या गाडीने जिंकली आणि तिच्या चार रोटरच्या इंजिनात सिरॅमिक सीलं होती, हे खरंच. पण ते इंजिन बिनटर्बोचं होतं, ९,००० आरपीएमला ७०० हॉर्सपॉवर देणारं, आणि त्याचं हाउसिंग, तेल, इंधन सगळं त्या सीलला धरून बनवलेलं. सिरॅमिकचं खरं बळ त्याच्या हलकेपणात आहे. नऊ ग्रॅमच्या जागी चार ग्रॅम, म्हणजे वरचे सगळे जोर निम्म्याहून कमी. क्रोम झिजत नाही, सीलही फारसं झिजत नाही. तुम्हाला सतत ९,०००च्या वर फिरवायचं असेल, हाउसिंग कोरी असतील, ट्यून (इंधन, बूस्ट आणि टायमिंगची जुळणी) पक्का झालेला असेल, तर सिरॅमिकसारखं दुसरं नाही. पण किंमत कंपनीच्या सीलच्या कित्येक पट, आणि कडक नॉकिंगपुढे तेही काही अमर नाही. फुटलं की त्याचे कण टर्बोच्या चाकावर सॅंडपेपरसारखे जातात.

राहिली ‘न तुटणारी’. ही नरम पोलादी मिश्रधातूची सीलं. बाजारात बरीच नावं आहेत, मी एकाचंही घेत नाही, कारण तोच निर्माता अधूनमधून धातू बदलतो आणि दोन वर्षांपूर्वीचा अनुभव आजच्या मालाला लागू पडेलच असं नाही. ही सीलं तुटत नाहीत, वाकतात. गेल्या हिवाळ्यात असं एक इंजिन माझ्याकडे आलं. तक्रार एवढीच की गरम झाल्यावर लगेच सुरू होत नाही. थंड असताना एका सेल्फमध्ये. खोलून सहाही सीलं सरफेस प्लेटवर ठेवली. चार सपाट होती. पाचव्याच्या मध्याखालून ०.१ मिमीचा फीलर गेज अलगद सरकला. सहावं तर नुसत्या डोळ्यांनी केळ्यासारखं दिसत होतं. हाउसिंगवर मात्र एक ओरखडा नाही, टर्बोचं चाक शाबूत. मालकाला नवी सीलं, स्प्रिंगा, रबरी रिंगा एवढ्यात भागलं. कंपनीची सीलं असती तर त्याच नॉकिंगने काय केलं असतं, ते मी दुसऱ्या इंजिनात पाहिलंय. सीलचा कोपऱ्याकडचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडाला होता. त्याने हाउसिंगवर प्लगपासून एक्झॉस्ट पोर्टपर्यंत चर ओढला आणि बाहेर जाता जाता टर्बाइनच्या तीन पात्यांची टोकं खाल्ली.

मग नरम सीलच का घालू नये? घालावीत, पण त्यांची किंमत ओळखून. कंपनीचं सील ओतीव लोखंडाचं, टोक मुद्दाम कडक केलेलं. ते हाउसिंगच्या क्रोमशी वर्षानुवर्षं नीट नांदतं. नरम सील स्वतः लवकर झिजतं, बसायला जास्त किलोमीटर घेतं, तोवर कॉम्प्रेशन कमी दिसतं आणि माणूस घाबरतो. शिवाय ते वाकलंय हे कळायला वेळ लागतो. सील तुटलं की दोन सेकंदांत कळतं. वाकलं की महिनाभर ‘हल्ली जरा मंद वाटते’ म्हणत गाडी चालवली जाते, आणि गळणारा गरम गॅस तेवढा वेळ खाच भाजत राहतो.

कार्बनच्या सीलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. टर्बोला नको, एवढंच.

आता नॉकिंगकडे येतो, कारण टिकाऊपणाचा निकाल तिथे लागतो. एका गिऱ्हाईकाने दोन वर्षांत तीन इंजिनं मारली. दर वेळी सील बदललं: आधी कंपनीचं, मग एक नरम, मग दुसऱ्या निर्मात्याचं नरम. ट्यून तीनही वेळा डायनोवर, म्हणजे जागच्या जागी ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तपासलेला, एकदम व्यवस्थित. चौथ्या वेळी माझ्याकडे आला तेव्हा मी इंजिनाला हात न लावता आधी इंधनाच्या दाबाचा सेन्सर बसवून ट्रॅकवरचा लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या सेन्सरांची नोंद, मागितला. टाकी निम्म्याच्या खाली गेली की लांब वळणाच्या शेवटी पंप हवा ओढायचा. दाब अर्ध्या सेकंदासाठी कोसळायचा, नेमका पठ्ठ्या ॲक्सिलरेटर दाबत वळणाबाहेर निघत असताना. डायनोवर गाडी वळत नाही, त्यामुळे तिथे हे दिसणारच नाही. छोटी सर्ज टाकी (पंपाला सतत इंधन मिळेल अशी मधली टाकी) आणि दुसरा पंप बसवला. ते चौथं इंजिन कंपनीच्या सीलवर आजही चालतंय.

एफडीची दुसरी जुनी खोड म्हणजे बूस्ट, टर्बोने दिलेला हवेचा दाब, आपोआप चढत जाणं. एक्झॉस्ट मोकळा केला आणि वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह) लहान राहिला की तुम्ही एक बार ठरवलेला बूस्ट सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये सव्वा बारच्या पुढे जातो. सिंगल टर्बो घालताय, तर वेस्टगेटमध्ये काटकसर करू नका. तिसरी गोष्ट ट्रेलिंग प्लगचं टायमिंग. प्रत्येक रोटरला दोन प्लग, आधी पेटणारा लीडिंग, मागून पेटणारा ट्रेलिंग. लीडिंगच्या मागे ते किती अंशांनी पेटवायचं याचा बूस्टमधला फरक मी १० ते १५ अंशांच्या खाली येऊ देत नाही. पेट्रोलवर हवा-इंधनाचं मिश्रण ११ला १च्या आसपास, थोडं जाडच. नॉक सेन्सरवर विसंबू नका. रोटरीचा स्वतःचाच गोंगाट इतका असतो की सेन्सरला कोण काय बोलतंय ते कळत नाही. तुमच्या शहरात काही पंपांवर ई८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन, मिळतं. ४५० हॉर्सपॉवरला ते वापरता आलं, किंवा ९८ ऑक्टेनवर पाणी-मिथेनॉलचा फवारा जोडला, तर सील निवडण्याचं तुमचं अर्धं काम तिथेच संपतं.

तेलाचं एक सांगायचंय. नवा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) घालताना बरेच जण सीलला तेल पुरवणारा मीटरिंग पंप काढून टाकतात आणि टाकीत तेल मिसळायचं विसरतात. बजाज चेतक चालवलेल्या पिढीला हे सांगावं लागत नाही. पंपावर पेट्रोलआधी टू-टी ऑइलचं माप पडलं की नाही, हे माझे वडील वाकून बघायचे. तसंच करायचं. पंप शाबूत असेल तर रस्त्यासाठी लिटरला पाच-सात मिली पुरे. पंप काढला असेल तर आठ, आणि ट्रॅकच्या दिवशी दहा. तेल चांगलं टू-स्ट्रोकचंच घ्या. इंजिन ऑइल जळून राख सोडतं, ती खाचेत साचते आणि सील अडकतं.

बांधणीत मी काय मोजतो तेही सांगतो, कारण महागडं सील झिजलेल्या खाचेत घालणारे मी पाहिलेत. खाच आणि सील यांच्यातली मोकळीक ०.०५ ते ०.१ मिमी हवी, ०.१५ झाली की रोटर बाजूला. जुनं सील पुन्हा वापरायचा मोह झाला तर उंची मोजा, ६.५ मिमीच्या खाली गेलेलं चालत नाही. टर्बो इंजिनात मी जुनं सील ठेवतच नाही. स्प्रिंगा तर कधीच नाही. गरमीने त्या बसतात, आणि कमरेपाशी सीलला धरून ठेवायचं काम त्यांच्यावर असतं, हे वर आलंच आहे. हाउसिंगवर बोट नको, नख फिरवा. प्लगच्या भोकांपाशी आणि कडांना क्रोमचे पापुद्रे सुटले असतील, तर कोणतंही सील घाला, ते हाउसिंग त्याला कानशीसारखं घासणार. तुमचे पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते हाउसिंगला द्या.

तुमच्या गाडीसाठी मी काय करीन? इंधन, वेस्टगेट आणि ट्यूनर या तिन्हींची खात्री असेल तर कंपनीचं २ मिमीचं सील, नव्या स्प्रिंगांसह. ४५० हॉर्सपॉवर त्याच्या आवाक्यात आहेत. यातलं काहीही नवखं असेल, म्हणजे टर्बो नवा, ईसीयू नवा, ट्यूनरने याआधी रोटरी केलेली नाही, तर पहिल्या बांधणीला नरम सील, वर्षभराने खोलायचं आहे हे धरूनच. सिरॅमिक आत्ता नको. तुम्ही ९,०००च्या खाली राहणार आणि पहिल्या हंगामात काही ना काही चुकणार.

इंजिन चालू झाल्यावर कॉम्प्रेशनवर नजर ठेवा. रोटरीचा टेस्टर नसेल तर साध्या गेजचा व्हॉल्व्ह काढून लावा आणि सेल्फ मारून काटा बघा. फुस-फुस-फुस असे तीन सारखे झटके आले पाहिजेत. तीनपैकी एक मंद असेल तर संशय साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या बाजूंवरच्या पट्ट्यांवर. शेजारचे दोन मंद असतील तर अपेक्स सीलवर, कारण एकच अपेक्स सील दोन खोल्यांमधली भिंत असते. टेस्टरचे आकडे २५० आरपीएमला बदलून घेतल्याशिवाय कुणाशी तुलना करू नका. नव्या बॅटरीवर सेल्फ जोरात फिरतो आणि आकडा उगाच सुंदर दिसतो.

पुण्याहून आरएक्स-८बद्दल विचारणाऱ्यांना: तुमच्या इंजिनाचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूला आहेत, टर्बो नाही, सीलही वेगळं. वरचं नॉकिंगपुराण तुम्हाला फारसं लागू नाही. तुमची सीलं तेलाअभावी आणि मेलेल्या इग्निशन कॉइलमुळे जातात, त्यासाठी स्वतंत्र लिहावं लागेल.

आणि सिडनीकर, सील मागवण्याआधी जुनं इंजिन ज्या ट्यूनवर गेलं त्याचा शेवटचा लॉग असेल तर इथे टाका. इंधनाचा दाब, बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि दोन्ही प्लगांचं टायमिंग, तिसऱ्या-चौथ्या गिअरमधलं. सोबत निघालेल्या सहाही सीलांचा एक फोटो, कोणतं कुठल्या रोटरच्या कुठल्या टोकाचं ते लिहून. फेकली नसतील ना?